कुंताबाईचा रिकामा डबा

आमच्या गावात शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. वाटीभर भाजी आली की वाटी धुऊन परत जाताना तिच्यात काहीतरी जातंच. मूठभर तांदूळ, चार बोरं, अगदीच कडकी असली तर चिमूटभर साखर. भांडं रिकामं आलं की समजायचं, संबंध तुटला. मी एसटीत कंडक्टर होतो. सुट्ट्या पैशांवरून अख्ख्या जिल्ह्याशी भांडून निवृत्त झालेला माणूस, त्यामुळे असल्या रीतीभातींचं मला फार कौतुक नाही. बायको होती तोवर तिच्याशीही यावरून माझे खटके उडायचे. ती गेल्यावर वाट्यांची ये-जा मीच सांभाळू लागलो, आणि मूठभर तांदूळ टाकायला मीही कधी विसरलो नाही. माणूस बोलतो एक आणि करतो एक.

कुंताबाई माझ्या घरासमोर राहते. आमचा मोहल्ला ढिवरांचा, मासे धरणाऱ्यांचा. वैनगंगा जवळ आणि गावचा मामा तलाव, मालगुजारीच्या काळचा, त्याहून जवळ. तिचा नवरा सुकलू गेला तेव्हा मुलगी भाग्यश्री शाळेत होती. कुंताबाईनं त्याचं जाळं उचललं, तलावावर पुरुषांच्या रांगेत उभी राहिली आणि चामोर्शीच्या बाजारात मासे विकून पोरगी वाढवली. टोपली घेऊन ती माझ्याच गाडीत चढायची. लोक नाकाला रुमाल लावायचे, मी ओरडायचो, "बाई, टोपली मागं!" ती हसून म्हणायची, "मनसारामभाऊ, संध्याकाळी रस्सा धाडतो, मंग नाक कुठी ठेवता पाहू!" आणि रस्सा खरंच यायचा.

पण तिच्या वाटीसोबत आणखी एक गोष्ट यायची, आणि सगळं तिथूनच सुरू झालं.

आमच्याकडे दवाखान्यातून गोळ्या आणल्या की माणूस बरं वाटेपर्यंत खातो. ताप उतरला, जखम सुकायला लागली की गोळी बंद. उरलेली टाकायची कशी? औषध म्हणजे अन्नाचा भाऊ. ठेवायची जपून, कोणाच्या तरी कामी येईल. मोहल्ल्यातल्या अशा सगळ्या उरलेल्या गोळ्या हळूहळू कुंताबाईच्या पत्र्याच्या पेटीत जमू लागल्या. तिची वाटी परत करताना लोक बोरांसोबत दोन गोळ्याही टाकत. ती रंगावरून ओळखायची. लाल-पिवळी जखमेची, लांब पांढरी तापाची, गुलाबी हगवणीची. मग कोणाचं पोर खोकलं, कोणाला फोड आला, की त्या घरच्या वाटीच्या झाकणावर कागदात बांधून दोन-तीन गोळ्या जायच्या. तिनं त्यासाठी कधी पैसा घेतला नाही. माझी दाढ ठणकत होती तेव्हा मीही त्याच खाल्ल्या. त्यामुळे तिला कोणी भोंदू डॉक्टर म्हटलं तर मी आजही भांडायला उठेन. ती देणारी बाई होती, एवढंच. देण्यापलीकडं तिला माणसांशी वागायची दुसरी तऱ्हा माहीत नव्हती.

भाग्यश्रीला तिनं गोंडपिपरीकडच्या गावात दिली. घर शेतीवालं, कापूस-धानाचं. जावई प्रवीण सरळ माणूस, सासू रुखमाबाई जरा कडक. माझी लेक रिनाही त्याच गावात नांदते, म्हणून माझं तिकडं येणं-जाणं असतं. भाग्यश्रीला दिवस गेल्याची बातमी मीच घेऊन आलो. त्या दिवसापासून कुंताबाईचं एकच चालू. पहिलं बाळंतपण माहेरी. जुन्या मऊ लुगड्यांचे तुकडे धुऊन दोरीवर, ओवा-बाळंतशेपा डब्यात, डिंक वेगळा. गोधडी तर तिनं अशी शिवली की मी म्हटलं, "बाई, नातू येऊन राह्यला का तहसीलदार?" ती म्हणाली, "माह्या घरात भाग्यश्री सासरी गेल्यापासून दुसऱ्याचा आवाज नाई, भाऊ. येऊ द्या ना कोणी रडणारं." माझ्याही घरात आवाज माझाच असतो.

दसऱ्याच्या सुमारास तलावात जाळं ओढताना मागुर माशाचा काटा तिच्या उजव्या तळहातात घुसला. ढिवराच्या हाताला काटे नवे नाहीत. हळद भरली, दोन लाल-पिवळ्या गोळ्या खाल्ल्या, सूज उतरली, गोळ्या बंद. पुन्हा सुजला, पुन्हा गोळ्या, पुन्हा बरं. असं करता करता एकदा गोळ्या खाऊनही सूज हलेना. हात मनगटापर्यंत तापला आणि पू यायला लागला. तरी ती म्हणत होती, "रंग तं बरोबर आहे गोळीचा." मग मात्र मी रागावलो, तिला गडचिरोलीच्या गाडीत बसवलं आणि शेजारी बसून घेऊन गेलो.

मोठ्या दवाखान्यात डॉक्टर दिव्यानी म्हणून तरुण बाई होत्या. त्यांनी हात चिरून पू काढला आणि कापसाच्या काडीवर थोडा घेऊन तपासायला धाडला. तपासणीचं उत्तर यायला वेळ लागतो, कारण जंतू आधी वाढावे लागतात. उत्तर आलं त्या दिवशी कुंताबाईची खाट वॉर्डाच्या टोकाला, भिंतीशी सरकवली. नर्स हातमोजे घालून यायला लागल्या. शेजारच्या खाटेवरची बाई आधी तिला चहा द्यायची, तिनं तोंड फिरवलं. कुंताबाईनं मला विचारलं, "भाऊ, मले का झालं? काऊन असं करून राह्यले सारे?"

मला ठाऊक असतं तर सांगितलं असतं. मी डॉक्टरबाईंना गाठलं. त्या आम्हाला दोघांना प्रयोगशाळेच्या खिडकीशी घेऊन गेल्या आणि आतून एक झाकण लावलेली काचेची गोल बशी मागवली. बशीत पिवळसर थर होता, आणि त्यावर कागदाच्या बारक्या पांढऱ्या टिकल्या.

"आजी, हा थर म्हणजे तुमच्या हातातले जंतू. आम्ही वाढवलेत," त्या म्हणाल्या. "प्रत्येक टिकलीला वेगळं औषध लावलंय. ज्या औषधाला ते मरतात, तिच्याभोवती मोकळं कडं पडतं. ही बघा. आणि ही."

दोन-तीन टिकल्यांभोवती स्वच्छ गोल कडं होतं. बाकीच्यांना थर अगदी चिकटून वाढला होता.

कुंताबाईनं वाकून एकेक टिकली पाहिली. मग विचारलं, "याच्यात लाल-पिवळी कोणती?"

डॉक्टरबाईंनी एका टिकलीवर बोट धरलं. "त्या घराण्यातलं औषध इथं आहे." तिच्याभोवती कडं नव्हतं. थर टिकलीच्या अंगावर चढल्यासारखा दिसत होता.

"अर्धीमुर्धी गोळी खाल्ली की मऊ जंतू मरतात आणि चिवट उरतात," त्या म्हणाल्या. "उरलेले वाढतात, आणि हातातून, पंच्यातून, भांड्यातून दुसऱ्याकडे जातात. मग त्याच्यावरही ती गोळी चालत नाही."

कुंताबाईनं खालच्या आवाजात विचारलं, "म्हणजे माह्या पेटीतून गेले का, बाई? साऱ्या मोहल्ल्यात?"

डॉक्टरबाई खोटं बोलल्या नाहीत आणि तिला टोचूनही बोलल्या नाहीत. "कोणाकडून कोणाकडे गेले ते कोणालाच सांगता येणार नाही. साध्या सर्दीला अशी गोळी लिहून देणारे डॉक्टरही आहेत, दवाखान्यातूनही हे पसरतात. पण आजी, ती पेटी आता बंद करा." मग त्यांना कोणीतरी सांगितलेलं आठवलं असावं. "तुमची मुलगी बाळंतपणाला येणार आहे ना? जखम हाडापर्यंत गेली आहे, भरायला वेळ लागेल. ती वाहतेय तोवर बाळाला हात लावायचा नाही. न्हाऊ घालायचं नाही, मालिश नाही. ओल्या बाळंतिणीला आणि कोवळ्या जिवाला हे महागात पडेल."

कुंताबाईनं मान हलवली. खाटेवर परत येऊन ती भिंतीकडं तोंड करून बसली आणि रडली. तिला रडताना मी सुकलूच्या मातीला पाहिलं होतं, त्यानंतर हीच वेळ.

सुट्टी झाल्यावर तिनं माझ्याच फोनवरून भाग्यश्रीला फोन लावला. मी म्हटलं, सावकाश सांग, समजावून सांग. तिला ते जमलं नाही. रडू आवरायचं म्हणून ती तुटक बोलली. "तू येऊ नको माहेरी. माह्या हाताले खराब झालं आहे. बाळंतपण तिकडंच कर." पलीकडं भाग्यश्री काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. कुंताबाई नुसती "नाई. नाई, बाई" म्हणत राहिली. नंतर रिनाकडून कळलं की रुखमाबाई साऱ्या गावात म्हणत होत्या, सुनेच्या मायनं हात वर केले, असली माय मी पाहिली नाई.

मुलगा झाला, गोंडपिपरीत. बारशाला कुंताबाई गेली नाही. जखमेतून अजून पाणी येत होतं. मी रिनाकडं म्हणून गेलो आणि गोधडी पोचवली. निघताना भाग्यश्रीनं स्टीलचा डबा माझ्या हातात दिला, आत बारशाच्या घुगऱ्या. तिचा चेहरा तापानं लाल झाला होता. सासू आत गेली तसं ती हळूच म्हणाली, "मनसारामकाका, माह्या छातीत गाठ झाली आहे, खूप दुखते. पोराले पाजता येत नाई. थंडी वाजून येते. सासूबाई म्हणते, साऱ्याईलेच होते, शेक घे. आईले सांगा, डबा परत धाडताना चार लाल-पिवळ्या टाक म्हणा. तिच्या गोळीनं मले नेहमीच बरं वाटते."

दुसऱ्या दिवशी मी डबा कुंताबाईच्या ओट्यावर ठेवला आणि निरोप सांगितला. तिनं घुगऱ्या पदरात काढून घेतल्या, एक तोंडात टाकली, आणि कोनाड्यातून ती पत्र्याची पेटी काढली. दवाखान्यातून आल्यापासून तिनं ती उघडली नव्हती, पण टाकलीही नव्हती. उघडली. लाल-पिवळ्या गोळ्या होत्या, वेचून डाव्या तळव्यावर घेतल्या. तिला काय वाटत असेल ते मला समजत होतं. लेकीनं राग पोटात असतानाही आईकडं काही मागितलं होतं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. ते द्यायला पेटीत होतं, आणि द्यायचं नव्हतं.

तिनं गोळ्या परत पेटीत टाकल्या. डबा राखेनं घासला, मग साबणानं, मग त्यात उकळतं पाणी ओतलं आणि उन्हात पालथा घातला. वाळल्यावर झाकण लावून माझ्यापुढं केला. मी हलवून पाहिला. रिकामा.

"बाई, हे काय?" मी ओरडलो. "गोळ्या नको देऊ, पण सुकट टाक, चार बोरं टाक! रिकामा डबा घेऊन मी त्या दारात उभा राहू? लेकीच्या सासरी?"

"फोनवर माह्यानं धड बोलणं होत नाई, मांगं पाह्यलं ना. काई टाकलं तं ते म्हणन, आईनं धाडलं, झालं. आन् गोळ्या दुकानातून मागवन," ती म्हणाली. "रिकामा पाह्यला का तिचा जीव वरखाली होईन. विचारन, काऊन असं केलं आईनं. मंग तुम्ही सांगा. म्हणा, त्या गोळीभवती कडं नाई पडत. म्हणा, तुह्या आईनं डोळ्यानं पाह्यलं. आजच्या आज गडचिरोलीले नेऊन दाखव, तिथल्या बाईले पू काढून तपासाले सांग."

"ती समजेल, तू रुसलीस म्हणून!"

"समजू द्या," कुंताबाई म्हणाली. "रागावली तरी चालन. जगली पाह्यजे."

मला तिचा राग आला होता आणि तिची कीवही आली होती, तसाच मी पुढची गाडी पकडली. भाग्यश्रीनं दारातच डबा घेतला, उघडला, आणि तिचं तोंड उतरलं. पालथा करून पाहिला, जणू तळाशी काहीतरी चिकटलं असेल. रुखमाबाई म्हणाल्या, "पाह्यलं? रिकामा! असली माय." भाग्यश्री मोठ्यानं रडायला लागली. मी कुंताबाईचे शब्द जसेच्या तसे सांगितले, कडं आणि टिकली आणि सगळं. भाग्यश्रीनं ऐकलं की नाही कोण जाणे, पण प्रवीणनं ऐकलं. त्यानं मोटारसायकल काढली.

गाठ पिकली होती. गडचिरोलीत ती चिरली, पू तपासला, आणि पुन्हा तीच बशी. तशाच टिकल्या, लाल-पिवळीच्या घराण्याला कडं नाही. दुसरं औषध दिलं, आणि या वेळी संपेपर्यंत घ्यायला लावलं. भाग्यश्री बरी झाली, बाळ अंगावर पिऊ लागलं. हे तिच्याकडं आईकडून आलं, की बाळंतपणात लागलं, की आणखी कुठून, ते डॉक्टरबाई म्हणाल्या तसं कोणालाच सांगता येणार नाही. पण त्या गोळ्या खाऊन ती घरी बसली असती तर काय झालं असतं, ते प्रवीणला डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. त्यानं ते मला सांगितलं. मी येऊन कुंताबाईला सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं." आणि चुलीपुढं जाऊन बसली.

एवढं सगळं होऊनही भाग्यश्रीचा फोन आला नाही. रिना म्हणाली, तिला सारं पटलंय, पण रिकाम्या डब्याचं नाव निघालं की तिचे डोळे भरतात. चार बोरं तरी टाकायची होती आईनं, म्हणते. माणसाचं असंच असतं. जीव वाचवलेला विसरतो, डबा विसरत नाही.

कुंताबाईनं पेटी उचलून गडचिरोलीला नेली आणि डॉक्टरबाईंच्या टेबलावर ठेवून आली. मोहल्ल्यात कोणी गोळी मागायला आलं की ती म्हणायची, दवाखान्यात जा, सारी खा, उरवू नका. लोकांना ते आवडलं नाही. बाई मोठी डॉक्टरीण झाली, म्हणू लागले. त्यात दवाखान्यातल्या वेगळ्या खाटेची गोष्ट पसरली. तिच्या हातचे मासे घ्यायला लोक बिचकू लागले. वाट्या येणं कमी झालं, मग थांबलं. माझी तेवढी जात-येत होती, आणि माझ्या हातचा वरणभात म्हणजे काय ते सांगायची सोय नाही. ती खायची, वाटी उकळत्या पाण्यातून काढायची आणि परत द्यायची. रिकामी. मी चिडलो की म्हणायची, "भाऊ, मन नाई होत काई टाकाचं."

महाशिवरात्रीच्या आधी जखम कोरडी झाली. डॉक्टरबाईंनी पुन्हा तपासून घेतलं आणि माझ्यासमोर सांगितलं, "आजी, आता काही भीती नाही. साबणानं हात धुवा आणि नातवाला खुशाल घ्या." परत येताना गाडीत तिनं मला ते दोनदा म्हणायला लावलं. "खुशाल म्हणली ना, भाऊ?" म्हणाली होती, मी सांगितलं.

मार्कंड्याच्या जत्रेला भाग्यश्रीकडची मंडळी येणार असल्याचं रिनाकडून कळलं. कुंताबाई आदल्या दिवशीच तयार. नवी साडी, आणि कंबरेच्या पिशवीत साबणाची वडी. आम्ही सकाळीच पोचलो. देवळापुढं ही गर्दी, नदीच्या वाळूत पालं टाकलेली, पोरं पिपाण्या वाजवत होती. शेवटी एका पालाच्या सावलीत ती माणसं दिसली. रुखमाबाई, प्रवीण, आणि भाग्यश्रीच्या मांडीवर त्याच गोधडीत बाळ.

कुंताबाई आधी तिकडं गेलीच नाही. नदीवर गेली. पाण्याच्या कडेला बसून तिनं कोपरापर्यंत हात धुतले, फेस काढून पुन्हा धुतले, बोटांच्या बेचक्यातून, नखांखालून. बायका थांबून बघत होत्या. मग ओले हात वर धरून, कशाला न लावता, ती सावलीत आली.

भाग्यश्री उठून उभी राहिली. रुखमाबाईंनी तोंड उघडलं होतं, पण प्रवीणनं नुसतं त्यांच्याकडं पाहिलं आणि त्या गप्प बसल्या. भाग्यश्री पुढं झाली. तिनं बाळ गोधडीतून काढलं आणि दोन्ही हातांनी आईपुढं धरलं. "घे ना, आई," ती म्हणाली.

कुंताबाईनं हात पुढं केले. तिची नजर उजव्या तळव्यावर गेली. काट्याच्या जागी जाड गुलाबी वण होता. हात तसेच थांबले. बाळ पाय झाडत होतं, त्याचा एक पाय तिच्या बोटांपर्यंत येता येता राहिला.

तिनं हात मागं घेतले. "राहू दे," ती म्हणाली. "तुह्याजवळच चांगला दिसते."

"डॉक्टरनं सांगतलं ना, आता चालते म्हणून," भाग्यश्री रडत म्हणाली. "काकानं सांगतलं मले. आई, मी रागावली नाई आता. घे ना वं."

"मले माहीत आहे, बाई. पण माह्यानं नाई होत." कुंताबाईनं हात पाठीशी बांधले. "त्याचं तोंड जरा इकडं कर. पाहू दे मले."

भाग्यश्रीनं बाळाचं तोंड तिच्याकडं केलं. कुंताबाई हातभर अंतरावरून बघत राहिली, मान वाकवून, डोळे भरून. बाळानं जांभई दिली तेव्हा ती हसली. मग ऊन वाढलं आणि ती मंडळी निघाली.

परतीच्या गाडीत मी तिला खूप बोललो. बाईच्या डोक्यात काय शिरलंय, डॉक्टर एवढी शिकलेली, लेक स्वतः देऊन राह्यली, आणि ही हात मागं घेते. मी बोलत होतो कारण मला रडू येत होतं. ती खिडकीतून नदीकडं बघत होती.

कंडक्टर आला, नवा पोरगा. त्यानं बायकांचं अर्धं तिकीट फाडलं आणि सुट्ट्या पैशांसकट तिच्यापुढं धरलं.

"तिथी सीटवर ठेव, बापू," कुंताबाई म्हणाली. "मी घेतो मंग."